ऑर्केस्ट्रात बास गिटारवाला हवाच कशाला?

चौथीतार

आमच्या ऑर्केस्ट्राच्या आयोजकांनी तालमीनंतर चहा पिता पिता सहज विचारलं, "बास की-बोर्डच्या डाव्या हातावर घेतला तर एका वादकाच्या मानधनाचं पाकीट वाचतं. चालेल ना?" आणि हे विचारलं कुणाला, तर मलाच. बास मीच वाजवतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. दिवसा नोकरी, शनिवार-रविवारी जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे कार्यक्रम. पोट यावर नाही, पण फुकटातही वाजवत नाही. शिवाय कंपनीतल्या चौघांचा एक रॉक बँड आहे. तिथे पैसे मिळत नाहीत, उलट तालमीच्या खोलीचं भाडं आपणच भरायचं. त्या बँडात माझ्या जागेबद्दल कुणालाही शंका नाही. ऑर्केस्ट्रात मात्र बजेट कमी झालं की कात्री आधी व्हायोलिनवर, मग सॅक्सवर आणि लगेच बासवर चालते. पुढची पायरी म्हणजे सगळेच घरी आणि गायक मायनस ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर.

आयोजकांवर राग नाही. हॉलचं भाडं, साउंड, गाडीखर्च सगळं वाढलंय आणि तिकीट तेवढंच आहे. प्रश्न वेगळा आहे. 'बासने गाण्याला भरीवपणा येतो' असं आपण म्हणतो, पण भरीवपणा तर डाव्या हाताच्या दोन बोटांनीही येतो. मग माणूस कशासाठी?

माझं उत्तर असं. बासवाल्याचं अर्धं काम स्वर वाजवण्याचं आणि अर्धं तो वेळेवर बंद करण्याचं. चार मात्रांच्या ठेक्यात पहिल्या मात्रेवर 'सा' सगळेच देतील. तो दुसरी मात्रा सुरू होण्याआधी तोडायचा की तिच्यात मिसळू द्यायचा, यावर गाणं चालतं की बसतं ते ठरतं. तार दाबणारं बोट नुसतं सैल केलं, दाब काढला पण बोट तारेवरच ठेवलं, की स्वर तिथल्या तिथे मिटतो. उजव्या हाताचं पुढचं बोट तारेवर आधीच टेकवलं की आणखी कोरडा तुटतो. हे सगळं गायिकेच्या श्वासाकडे आणि ऑक्टोपॅडवाल्याच्या हाताकडे बघत करायचं असतं. की-बोर्डवाल्याचं लक्ष तेव्हा उजव्या हातातल्या व्हायोलिनच्या पीसवर असतं. त्यामुळे डावा हात एक तर 'सा' दाबून ठेवतो, नाहीतर प्रत्येक मात्रेवर टुकटुक करत बसतो.

वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीही लिहा. आयोजक असाल तर जरूर लिहा.

पेटीमास्तर

की-बोर्डवाला बोलतोय, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा.

डाव्या हाताला एवढं कमी लेखू नका. द डोअर्स या बँडकडे मंचावर बासवादक नव्हता. रे मँझरेक डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्सच्या पियानो बासवर बास द्यायचा आणि उजव्या हाताने ऑर्गन वाजवायचा. आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत मुळातच सिंथचा (सिंथेसायझरचा) बास आहे. ती गाणी तुम्ही बोटांनी वाजवलीत की मऊ पडतात, लोकांना 'ते' गाणं वाटतच नाही. आणि स्वर तोडायचा म्हणजे पट्टीवरून बोट उचलायचं. तेवढं मला येतं.

बाकी पाकिटाबद्दल म्हणाल तर, बास माझ्या डाव्या हातात आला म्हणून माझं पाकीट कुणी वाढवत नाही.

रंगभवनचा_भूत

मास्तर, डोअर्सची गोष्ट अर्धीच सांगितलीत. मंचावर बासवाला नव्हता हे खरं, पण स्टुडिओत बऱ्याच गाण्यांसाठी त्यांनी बासवादक बोलावले होते. ज्याचा डावा हात जगात सगळ्यात नावाजलेला, त्यालाही रेकॉर्डिंगला माणूस लागला.

दुसरा किस्सा त्याहून मजेशीर आहे. रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्यांना बासवाल्याशिवाय साथ मिळावी, एवढाच हेतू. खऱ्या बाससारखा आवाज त्यातून काही येईना. तीन वर्षांत उत्पादन बंद, माल सेकंडहँड बाजारात. मग शिकागोतल्या पोरांनी ते स्वस्तात उचललं, त्याची बटणं वाटेल तशी फिरवली आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा प्रकारच जन्माला आला. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी हेच यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर रागांची रेकॉर्ड केली होती. आणि हे गृहस्थ कोण? हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार आणि बास वाजवणारे वादक! म्हणजे बासवाल्याला घरी बसवायला काढलेलं यंत्र शेवटी एका बासवाल्यानेच कामाला लावलं.

अवांतर: आयडी वाचून हसू नका. धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' बघत वाढलेल्या पिढीतला मी. तेव्हा प्रत्येक कॉलेजात गिटारवाले चार आणि बासवाला शून्य. चौघांत सर्वात कच्चा जो असेल त्याला बास द्यायचे. मला असाच मिळाला.

चौथीतार

मास्तर, बोट उचलता येतं हे मान्यच. पण दोन्ही हातांना काम असताना ते वेळेवर उचललं जातं का, हा माझा मुद्दा. सिंथ-बासच्या गाण्यांबाबत शंभर टक्के सहमत. त्या गाण्यांना मी बास खाली ठेवून टाळ्या वाजवत उभा राहायला तयार आहे.

आणि तुमच्याशी माझं खरं भांडण ट्रान्सपोजच्या बटणावरून आहे. गायिका म्हणते "आज काळी चार", म्हणजे 'सा' चौथ्या काळ्या पट्टीवर. तुम्ही सगळे सूर आपोआप सरकवणारं ते बटण दाबता, पट्टी 'सी'चीच वाजवता आणि वर मला ओरडून सांगता, "सी, मग एफ, मग जी!" माझ्या गिटारीला बटण नाही हो.

पेटीमास्तर

हा हा. हा गुन्हा कबूल. सवय आहे.

अनघा_सातभाई

यावर उपाय आहे. कॉर्डची नावं ऐकायचीच नाहीत. फक्त 'सा' कुठे ते विचारायचं आणि पुढचं सगळं सरगमात ऐकायचं. बासवर आकार तोच राहतो, हात फक्त पुढे-मागे सरकतो. नव्या मुलांसाठी एकदा लिहून ठेवते: काळी एक म्हणजे 'ए' तारेवर चौथा पडदा, पांढरी दोन म्हणजे त्याच तारेवर पाचवा. पांढरी पाच म्हणजे सर्वात जाड 'ई' तारेवर तिसरा पडदा, काळी चार चौथा, काळी पाच सहावा. 'सा' 'ए' तारेवर असेल तर बरोबर शेजारच्या जाड तारेवर, त्याच पडद्यावर खालचा 'प' बसतो. आपल्या निम्म्या गाण्यांना सा आणि खालचा प एवढंच पुरतं.

अडचण पांढरी दोनची. चार तारांच्या बासवर 'ई'च्या खाली काही नाही, त्यामुळे खर्जातला 'सा' मिळत नाही. ऑर्केस्ट्रात पाच तारांचा बास दिसतो तो मिरवायला नव्हे, गायक रोज नवी पट्टी सांगतात म्हणून.

आता माझं थोडंसं. मुलगी आहे म्हणून "बासला हात मोठे लागतात" हे मी प्रत्येक दुकानात ऐकलंय. नेहमीच्या बासची तार ३४ इंचांची असते. खालच्या पडद्यांवर एका बोटाला एक पडदा असा हट्ट धरला तर मनगटाची वाट लागते, मग हात पुरुषाचा असो वा बाईचा. तिथे डबल बासवाल्यांची जुनी रीत वापरावी: पहिलं बोट, दुसरं, आणि तिसरं-चौथं मिळून एक. चार बोटांत तीन पडदे. पाचव्या पडद्याच्या पुढे हवं तसं वाजवा. तरीही जमत नसेल तर ३० इंची छोटे बास मिळतात. पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर त्याच जातीतला, आणि त्याला कुणी 'लहान मुलांचा बास' म्हणाल्याचं ऐकलं नाही.

साठच्या दशकात लॉस एंजलिसच्या स्टुडिओंत सगळ्यात जास्त बोलावणी येणाऱ्यांत कॅरल के होत्या, आणि त्या पिकने वाजवायच्या. आपल्या मुंबईच्या मोहिनी डेचे व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिलेच असतील. तेव्हा बोटं की पिक, बाई की बुवा, हे वाद बंद करा.

धुमाबाज

मी ढोलकीवाला. बासवाल्यांवर माझा जुना राग आहे, धागा दिसताच धावत आलो.

लावणीत ढोलकीची धुमाची बाजू हाच बास असतो. तळहात दाबत नेला की तो आवाज वर चढतो, मग परत खाली येतो. त्या चढ-उतारावर बाईचं पाऊल पडतं. नेमका त्याच वेळी बासवाला एकाच स्वरावर ढम्म ढम्म करत राहिला, की माझा चढलेला आवाज आणि याचा स्थिर स्वर एकमेकांवर आपटतात. समोर नुसता गडगडाट. लोक म्हणतात ढोलकी बेसूर लागलीय! अहो, शाई मी गायिकेच्या 'सा'ला लावलेली असते, तो गडगडाट माझा नाही.

चौथीतार म्हणतात तसं स्वर तोडणारा बासवाला मला एकदाच भेटला. समेवर एक टोला द्यायचा आणि थांबायचा. मधली जागा पूर्ण माझी. कडव्याच्या शेवटी ढोलकी एकटी सुटायची तेव्हा तो गिटारीवर पंजा ठेवून माझ्याकडे बघत उभा राहायचा. त्याला दर वेळी मीच बोलावून घ्यायचो.

चौथीतार

धुमाबाज, तुमचा प्रतिसाद फ्रेम करून आमच्या आयोजकांना देतो. बासवाला ठेवा असं ढोलकीवाला म्हणतोय!

भजन-अभंगातही हेच. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते आणि तो आवाज बासच्याच घरात राहतो. मी तिथे वरच्या सप्तकात जातो, 'डी' आणि 'जी' तारेवर. पोरांना वाटतं बास म्हणजे जाड तारच. हल्ली अभंग रिपोस्टसारखे बँड अभंगाला ड्रम, गिटार, बास लावतात, तिथे सगळी मांडणीच रॉकची असल्यामुळे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. खरी पंचाईत होते ती पखवाज आणि बास दोघांनाही एकाच वेळी पुढे यायचं असलं की.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. आमच्याकडे उलटी तऱ्हा आहे. मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाला ढोलकीवाला शोधायला तीन राज्यं फिरावी लागतात, बासवाले मात्र गल्लोगल्ली. एका वर्षी जॅझ शिकणारा एक अमेरिकन मुलगा आला. चार्ट समोर ठेवला की पहिल्या नजरेत वाजवणारा, हात सोन्याचा. यमनातलं एक भावगीत होतं. कॉर्ड बरोबर, लय बरोबर, तरी गायिका अस्वस्थ. प्रत्येक ओळीच्या शेवटी हा पठ्ठ्या सवयीने 'सा ग म प' असा जिना चढून यायचा, आणि 'म' शुद्ध! यमनात शुद्ध मध्यम, तोही बासवर, सगळ्या हॉलच्या पायाखाली. त्याला राग वगैरे समजावत बसलो नाही. एवढंच सांगितलं की या गाण्यात चौथा स्वर अर्ध्याने वर आहे, नाहीतर तो सोडूनच दे. दुसऱ्या फेरीत सगळं जागेवर.

अनघा_सातभाई

जर्सीकर, अगदी. यावर स्वतंत्र धागा हवा. आपल्याकडचे बासवालेही हे करतात आणि त्यांना तर परकेपणाची सबबसुद्धा नाही.

भूपाचं उदाहरण घ्या. भूपात म आणि नी नाहीत. गिटारवाल्याने 'सा'च्या मेजरमधून सवयीने चौथ्याचा मेजर लावला, म्हणजे म-ध-सा. वरच्या गर्दीत तो 'म' कदाचित खपून जाईल. पण बासवाल्याने त्या कॉर्डचा मूळ स्वर म्हणून 'म' ठोकला की भूप संपला. तिथे 'ध' वाजवा. ध-सा-ग हे तिन्ही स्वर भूपातले आहेत आणि वरचा कॉर्ड काहीही असो, गाणं रागात राहतं. अर्थात संगीतकाराने मूळ रेकॉर्डवर मुद्दाम मध्यम आणला असेल तर प्रश्नच मिटला, तो देव. मी बोलतेय ते आपण स्वतःच्या अकलेने भर घालतो त्याबद्दल.

म्हणून मी शिकवते तेव्हा मुलांना आधी गाणं म्हणायला लावते. चाल तोंडात नसेल तर बासला हात लावायचा नाही.

डीबी_दादा

साउंडवाला आलाय, आता सगळे गप्प बसा.

एक. "बास स्वतःला ऐकू येत नाही कारण लाट मोठी असते, ती तयार व्हायला अंतर लागतं" असं प्रत्येक बासवाला मला ऐकवतो. लाट मोठी असते हे खरं. 'ई' तार ४१ हर्ट्झची, तिची लाट सव्वाआठ मीटर. पण तिला 'तयार' व्हायला काही लागत नाही. इअरफोन कानात असतो तेव्हा कुठून येतं अंतर? खरं कारण साधं आहे. तुमचा अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलेला, त्याचं तोंड तुमच्या पोटऱ्यांकडे आणि कान पाच फुटांवर. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. आवाज वाढवू नका.

दोन. खालचा आवाज चारी बाजूंना पसरतो. मंचाखाली ठेवलेले सबवूफर समोर जेवढे वाजतात त्यातला बराच भाग मंचावर परत येतो. त्यात तुमच्या अ‍ॅम्पचाही जोर. गायक बिचारा 'सा' शोधत फिरतो. नाट्यगृहात बास थेट डीआयमधून (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) मला द्या, मंचावरचा अ‍ॅम्प अगदी हळू.

तीन. मंगल कार्यालय. फरशी, काच, पत्रा, ना पडदा ना गादीच्या खुर्च्या. तिथे स्वर एकदा सुटला की हॉल स्वतःच तो लांबवतो. चौथीतार यांचा स्वर तोडण्याचा मुद्दा इथे सोळा आणे खरा. जो बासवाला बालगंधर्वला वाजवतो तसाच कार्यालयात वाजवतो, त्याचा फेडर मी हळूच खाली घेतो आणि त्याला सांगतही नाही. ऐकणारा बासवाला पहिल्या गाण्यातच स्वर आखडते घेतो. की-बोर्डचा डावा हात हे करताना मी अजून पाहिलेला नाही. मास्तर, क्षमस्व.

चार. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत बास ऐकू येत नाही म्हणून रडू नका. मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झ देऊच शकत नाही. त्याच्या वरच्या पटींवरून कान मूळ स्वर ओळखतो. त्यासाठी तुमच्या आवाजात ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडी धार हवी. घरी एकट्याने वाजवताना मस्त मऊ वाटणारा आवाज बँडमध्ये हरवतो तो याचमुळे.

बेंजोपार्टी_कोल्हापूर

आमच्याकडं बास म्हंजे स्पीकरचा डबा. ट्रॅक्टरवर किती डबं लावल्यात त्येच्यावर पार्टीची किंमत. बास गिटार घिऊन कोन आलं तर लोकं इचारतील, ह्येला दोन तारा कमी का?

पर खरं सांगू का, बेंजोवर चाल वाजवताना खाली पॅडवरनं नुसतं धडाम धडाम असतंय. एकदा एका लग्नात कॉलेजचं पोरगं बास घिऊन आमच्यात घुसलं. चार गाणी वाजवली. नाचनाऱ्यांचं काय म्हायती न्हाई, पर आमच्या वाजवनाऱ्यांनाच लई मज्जा आली.

मडगांवकार

गोव्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तियात्रात (कोंकणी नाटकात) कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, साथीला ट्रम्पेट, सॅक्स, की-बोर्ड, बास आणि ड्रम असा जिवंत बँड असतो. कांतार गाणारा ऐनवेळी कडवं वाढवतो, मध्येच टोमणा मारतो, लोक हसले की थांबतो. तिथे सिक्वेन्सर (आधी भरलेलं संगीत आपोआप वाजवणारं यंत्र) चालवणार कसा? बासवाल्याने ड्रमरकडे बघून फिरत राहायचं आणि गाणारा परतला की त्याच्याबरोबर उतरायचं.

दुसरं म्हणजे आमच्याकडे जुन्या पिढीतले वादक चर्चच्या शाळांत मेस्तांकडे (संगीत शिक्षकांकडे) सोल्फ, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकून तयार झाले. व्हायोलिन आधी, मग जे मिळेल ते. हीच माणसं मुंबईला जाऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं ठाऊक असतीलच. आर. डी. बर्मनच्या रेकॉर्डिंगमधले बासवादक टोनी वाझ यांचं नावही इथे घ्यायलाच हवं.

लग्नात मात्र बासवाल्याचा घाम निघतो. शेवटी 'मसाला' सुरू झाला, सहाच्या ठेक्यातली कोंकणी गाणी एकामागून एक, की विसावा नाही. हात दुखला तरी थांबता येत नाही, सगळं सोयरं फ्लोअरवर असतं.

नवखा_नाशिक

सगळे मोठे लोक बोलताहेत, माझा साधा प्रश्न. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बँडसाठी बास घ्यायचाय, बजेट वीस-पंचवीस हजार. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही. काय घेऊ? आणि अ‍ॅम्पसुद्धा घ्यावा लागेल का?

रंगभवनचा_भूत

नवखा, याच पैशांत यामाहा, आयबानेझ, कोर्ट यांचे सुरुवातीचे बास येतात. तिघांतलाही कुठलाही वाईट नाही. ऑनलाइन मागवू नकोस, दुकानात जाऊन हातात घे. मुंबईला येणं झालं तर धोबी तलावच्या बाजूला फेरी मार. बसून वाजवून बघ, मग उभं राहून पट्ट्यावर बघ. डोकं जमिनीकडे झुकत असेल तर तो बास नको, दोन तासांच्या कार्यक्रमात डावा खांदा जाईल. पट्टा रुंद घे, बासचं वजन चार किलोच्या आसपास असतं.

अ‍ॅम्प लगेच नको. घरी हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प पुरतो, तालमीच्या खोलीत त्यांचा असतो. गिटारवाल्या मित्राचा अ‍ॅम्प मात्र वापरू नकोस. त्याचा स्पीकर खालच्या स्वरांसाठी नसतो, मोठ्याने वाजवलास तर फाटेल आणि मैत्रीही.

वाचलेल्या पैशांतून पेडलवाला ट्यूनर घे. मग डीआय बॉक्स.

डीबी_दादा

डीआयबद्दल भर घालतो, कारण मंडळांच्या मांडवात यानेच वाचवलंय. जनरेटर, अर्धवट अर्थिंग, लाइटवाल्याचे डिमर, सगळे एकाच वायरीवर. मग घूं घूं सुरू. डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट'चं छोटं बटण असतं, ते दाबलं की बहुतेक वेळा घूं थांबते. पण वायरमन "अर्थची पिन तोडून टाकू" म्हणाला तर त्याला तिथून हाकला. तारेला हात आणि माइकला ओठ एकाच वेळी लागतात तेव्हा काय होतं ते मला तपशिलात लिहायचं नाही.

गंमत अशी, की आपली वीज ५० हर्ट्झची आणि बासवरचा खालचा 'जी' ४९ हर्ट्झचा. म्हणजे पांढरी पाचच्या गाण्यात ही घूं जवळजवळ सुरात असते. तिथे ती पटकन कळत नाही, गाणं पांढरी चारला आलं की सगळे माझ्याकडे बघतात.

जर्सीकर

आमची वीज ६० हर्ट्झ. ती काळी पाच आणि पांढरी सातच्या मध्ये कुठेतरी पडते. त्यामुळे इथे घूं कायम बेसूर, लपायला जागाच नाही :)

आयोजक_आहे

धागाकर्त्यांनी बोलावलंय म्हणून लिहितो. (मी त्यांचा आयोजक नाही, आधीच सांगतो.)

ठाण्या-मुंबईत जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करतो. बासवाल्याचा आवाज लोकांना कळतो का? नाही. बासवाला नाही म्हणून तिकीट परत मागितलेलं मी तरी पाहिलेलं नाही. गायकाचं नाव आणि गाण्यांची यादी यावर तिकीट जातं. इथपर्यंत माझा हिशेब साधा होता.

पण एक गोष्ट लक्षात आली. बास नसेल त्या दिवशी गायक तालमीला जास्त वेळ मागतात. रिदमवाले एकमेकांवर चिडतात. उघड्या मैदानात दहाच्या आत संपवायचं असतं, त्यात दोन गाणी पुन्हा सुरू करावी लागली तर शेवटची दोन कापावी लागतात. प्रेक्षक बासवर बोलत नाहीत, कापलेल्या गाण्यांवर मात्र नक्की बोलतात. मी सध्या असं करतो: छोट्या हॉलला, वाढदिवसाला, सोसायटीला बास नाही. नाट्यगृहात तिकिटाचा कार्यक्रम असेल तर बास आहे. पैसे कुठून काढतो? एलईडीची भिंत लहान करतो.

पेटीमास्तर

हे पटलं. त्या भिंतीचा उजेड माझ्या नोटेशनवर पडून काही दिसतही नाही.

एक कबूल करतो, चौथीतार. बास माझ्याकडे असतो त्या दिवशी मी उजव्या हाताचे पीस सोपे करून वाजवतो. कुणाला कळत नाही, मला कळतं. आणि बासवाला असतो त्या दिवशी माझा डावा हात सवयीने खालीच जातो आणि दोघांचा चिखल होतो, तेही खरं.

डीबी_दादा

मास्तर, धन्यवाद. हे मी तुम्हाला गेली कित्येक वर्षं सांगतोय.

चौथीतार

आयोजकांशी बोललो. धुमाबाज आणि डीबी_दादांचे प्रतिसाद वाचून दाखवले, 'आयोजक_आहे' यांचा हिशेबही. ठरलं असं: पुढच्या नाट्यगृहाच्या कार्यक्रमाला बास आहे, त्यानंतरच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला नाही. सिंथची दोन गाणी की-बोर्डच्या डाव्या हाताला दिली. बदल्यात बाकीच्या गाण्यांत आमचे की-बोर्डवाले मधल्या 'सा'च्या खाली उतरणार नाहीत. पाकिटात वाढ नाही, कपातही नाही.

यादी आली आहे. पहिलंच गाणं पांढरी दोन, आणि माझा बास चार तारांचा. पुण्यात कुणाकडे एका शनिवारपुरता पाच तारांचा मिळेल का? तारा मी नव्या घालून देईन.

अनघा_सातभाई

माझ्याकडे आहे, कोथरूडला येऊन घेऊन जा. तारा बदलू नका, जुन्या मुद्दाम ठेवल्यात. अ‍ॅक्टिव्ह आहे, तेव्हा नऊ व्होल्टची बॅटरी नवी घाला आणि वाजवून झालं की केबल काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उगाच उतरत राहते.

धुमाबाज

लावणी आहे का यादीत?

चौथीतार

दोन आहेत. समेवर एक टोला, बाकी तुमच्या बिरादरीचं.